ऐकण्याचा पेपर

७ एप्रिल, सोमवार

आज निर्णय घेतला. इंग्रजी दुभाष्याची परीक्षा द्यायची. खरं म्हणजे निर्णय ऑफिसातल्या सरांनी घेतला, पण मी तो मनापासून स्वीकारला. सर म्हणाले, कागदांची भाषांतरं आता कॉम्प्युटर करतो. माणूस लागेल तो समोरासमोर इकडचं बोलणं तिकडे सांगायला. हॉस्पिटलात, कोर्टात, विम्याच्या सुनावणीत. जुलैपासून ठाण्याच्या ऑफिसात ज्याच्याकडे सर्टिफिकेट, तोच राहील. आम्ही दोघंच उरलोय, मी आणि चांगदेव. चांगदेवबद्दल वाईट वाटतं.

लेखी पेपर माझ्या हातचा. अठरा वर्षं दुसरं काय केलंय? राहिला ऐकण्याचा. हेडफोनवर इंग्रजी बोलणं वाजतं, एकदाच. थांबलं की तेच मराठीत माईकवर सांगायचं. परीक्षा २४ मे. सत्तेचाळीस दिवस. रोज पहाटे साडेपाच ते सात सराव. आठवड्यातून एकदा संपूर्ण चाचणी. गोड बंद (संबंध नाही, पण एकदम सुरू केलेलं बरं).

८ एप्रिल, सकाळी ७.४०

अलार्म वाजलाच नाही. शिवानीचं म्हणणं, दहा मिनिटं वाजला, शेवटी तिनेच बंद केला, सान्वीपण जागी झाली. मोबाईलचा स्पीकर गेलाय. उद्यापासून.

१० एप्रिल, गुरुवार

पहिला सराव. दहा वाक्यांत दोन बरोबर. हरकत नाही, सुरुवात आहे. रेकॉर्डिंगमधली बाई इंग्लंडची आहे आणि शब्दांची शेपटं गिळते. ‘शिप’ म्हणते की ‘चिप’ की ‘शिफ्ट’, तिलाच माहीत. हल्ली सगळेच पुटपुटतात. सान्वीसुद्धा. चौदा वर्षांची पोर, तोंड उघडून बोलायला काय होतं!

सान्वीचा हेडफोन घेतला. तोही खराब निघाला. परत दिला तेव्हा म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकत होतात ते मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं. म्हणजे आवाज बाहेर सांडतो. म्हणूनच आत कमी येत असणार.

१६ एप्रिल, बुधवार

चांगदेवच्या गाडीने जातो-येतो तो वेळ फुकट जातो म्हणून सराव गाडीतच. तो कल्याणहून येतो, मला डोंबिवलीत घेतो. आज शीळफाट्याला पाऊण तास अडकलो. बाहेर ट्रक, हॉर्न, आत इंग्लंडची बाई. मला अर्धंही लागलं नाही. चांगदेव गाडी चालवता चालवता मराठीत सांगत होता. बरोबर सांगत होता बहुतेक. मी त्याला म्हटलं, शब्दशः नको सांगूस, भाव पकड. तो म्हणाला, विनीत, ती अपॉइंटमेंटची वेळ सांगतेय रे, त्यात भाव काय पकडू?

त्याची मराठी फार साधी आहे. परीक्षेत मार्क जातील.

२० एप्रिल, रविवार

संपूर्ण चाचणी ठेवलेली. आबांनी टीव्ही मोठा केल्यामुळे रद्द. आबांचं म्हणणं, टीव्ही मीच मोठा केलेला.

२३ एप्रिल, बुधवार

आबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय. ठाण्याच्या हॉस्पिटलात दाखवायला नेलं. सर्जन तामिळ. इंग्रजी फर्डं, हिंदी जेमतेम. शिवानी यायला निघालेली (ती लॅबमध्ये रिपोर्ट द्यायला बसते, तिला वाटतं तिला सगळं कळतं). मी म्हटलं, अगं, नको. ही माझी खरी परीक्षा. दुभाषी मी.

आणि झालो! डॉक्टर बोलले, मी आबांना सांगितलं. आबा बोलले, मी डॉक्टरांना सांगितलं. वीस मिनिटं, एकदाही अडखळलो नाही. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, तरीही. आबांना सांगितलं, ऑपरेशन सहा मेला, हृदयाची, रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवायची, आदल्या रात्रीपासून उपाशी. नर्सने कागद दिला, तो घडी घालून खिशात ठेवला. समोर ऐकल्यावर कागद कशाला?

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, तू छान बोलतोस. छाती भरून आली. त्यांनी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

दहात तीन. प्रगती आहे. या वेगाने २४ मेपर्यंत दहात सात, म्हणजे पास.

६ मे, मंगळवार, दुपारी ३

ऑपरेशन झालं नाही.

सकाळी सातला पोचलो. आबांना निळे कपडे घातले, झोपवलं. नर्सने विचारलं, रक्त पातळ करायची गोळी कधी बंद केली? मी सांगितलं, बंद कशाला, आजच सकाळी घोटभर पाण्याबरोबर दिली. ती बाहेर गेली. डॉक्टर आले. या वेळी मास्क नव्हता. त्यांनी हळू, एकेक शब्द तोडून सांगितलं, आणि मला सगळं समजलं. पाच दिवस आधी बंद करायला सांगितलेली. चालू गोळीवर कापलं असतं तर रक्त थांबलं नसतं.

शिवानीने कागद मागितला. त्या दिवशीच्याच शर्टाच्या खिशात होता, धुऊन, इस्त्री होऊन. चुरा झालेला, तरी एक ओळ वाचता येत होती. ठळक अक्षरात. तीच. लिहिलेलं इंग्रजी मी झोपेतही चुकत नाही.

मास्कमुळे झालं. शिवाय तामिळ उच्चार.

आबांनी कपडे बदलले. परतीच्या टॅक्सीत मागे बसून म्हणाले, “विन्या, तुला ऐकू येत नाही. दोन वर्षं बघतोय.” मी म्हटलं, आबा, तुम्ही हळू बोलता. ते खिडकीबाहेर बघत राहिले. शिवानी एक शब्द बोलली नाही. किंवा बोलली असेल.

९ मे, शुक्रवार

कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे. मी जायला तयार नव्हतो. शिवानी म्हणाली, तुझ्यासाठी नको, आबांसाठी चल. मग काय करणार?

काचेची खोली. हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. समोर काचेपलीकडे एक मुलगी मशीनवर. तिने बटण फिरवलं की खांदा किंचित हलतो, हे माझ्या लगेच लक्षात आलं. निरीक्षणशक्ती. पहिली पाच मिनिटं अप्रतिम गेली. मग ती खुर्ची फिरवून पाठमोरी बसली. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मला वाटलं, संपलं. काच ठोठावून विचारलं, झालं का? ती म्हणाली, सर, अजून चालू आहे.

रिपोर्ट: दोन्ही कान, मॉडरेट लॉस. बारीक आवाज जातात, स, फ, त, थ वगैरे. मॉडरेट म्हणजे माफक. भाषांतर माझंच. माफक म्हणजे फार नाही. डॉक्टर मशीन लावा म्हणाले. बघू म्हटलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी कानात मशीन!

१० मे, शनिवार

शिवानीने परीक्षेचे नियम वाचले (मी फक्त लेखीचे वाचलेले). कानाचा रिपोर्ट जोडून अर्ज केला तर मोठ्या आवाजाची सोय मिळते, आणि प्रत्येक तुकडा दोनदा वाजवतात. मुदत सोमवारी संध्याकाळी सहा. तिने अर्ज भरला. मी सही केली. पाठवतो म्हटलं.

१२ मे, सोमवार, संध्याकाळी ६.१०

पाच वाजल्यापासून ईमेल उघडून बसलेलो. अर्ज जोडलेला होता. फक्त पाठवायचं राहिलेलं.

पण विचार केला. सर्टिफिकेटवर शेरा येणार. सर वाचणार. ऐकू न येणारा दुभाषी! चांगदेव काही बोलणार नाही, पण गाडीत मोठ्याने बोलायला लागेल. आणि एकदा लिहून दिलं की ते खरं होतं. अठरा वर्षं कागदांत काढल्यावर तेवढं कळतं मला.

सहा वाजले. ईमेलची खिडकी बंद केली. शिवानीला सांगितलं, पाठवला. ती म्हणाली, “बरं झालं.” माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात नको होता.

१७ मे, शनिवार

आबांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टरांशी शिवानी बोलली, मोडक्या इंग्रजीत, दर वाक्याला थांबवून परत विचारत, वहीत लिहून घेत. मला म्हणाली, तू बाहेर बस. बसलो. चार तास. हॉस्पिटलच्या भिंतीवर सूचना लावलेल्या, इंग्रजी आणि मराठी. मराठीत सात चुका. कुणाला तरी सांगायला पाहिजे.

२१ मे, बुधवार

नवीन पद्धत शोधली. प्रत्येक शब्द ऐकायची गरजच नाही. संदर्भ पकडायचा आणि उरलेलं अनुभवाने भरायचं. हॉस्पिटल असेल तर डॉक्टर काय बोलणार, विमा असेल तर काय, हे मला पाठ आहे. आज तशी चाचणी दिली. एकदाही थांबलो नाही. उत्तरं तपासली नाहीत, आत्मविश्वास घालवायचा नाही म्हणून.

२४ मे, शनिवार, दुपारी २

परीक्षा झाली.

लेखी एक तासात उरकलं. मग ऐकण्याचं. समोर दोन परीक्षक, एक बाई, एक गृहस्थ. माझ्या आधी चांगदेव. तो बाहेर आला तो घामाघूम. म्हणाला, दोन ठिकाणी अडलो, मला कळलं नाही असं सरळ सांगितलं. मी मनात म्हटलं, संपलं याचं. परीक्षेत कोण असं सांगतं?

मी एकदाही अडलो नाही. पहिल्या तुकड्यात एक बाई ‘क्लेम’ म्हणाली, तेवढ्यावरून विम्याचं सगळं उभं केलं. शब्द सापडत गेले. पूर्तता, तरतूद, उपरोक्त. परीक्षक बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. गृहस्थांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर येऊन शिवानीला फोन केला. सांगितलं, फार छान गेला. तिने विचारलं, दोनदा वाजवलं ना? मी म्हटलं, हो.

९ जून, सोमवार

निकाल ईमेलवर.

लेखी: शंभरपैकी ब्याण्णव. केंद्रात पहिला.

ऐकणं: शंभरपैकी अकरा. खाली परीक्षकांचा शेरा. उतरवून ठेवतो, आहे तसा: ‘उमेदवाराची मराठी उत्कृष्ट व ओघवती आहे. तथापि ध्वनिफितींत नसलेला मजकूर मोठ्या प्रमाणावर सांगितला. पहिल्या ध्वनिफितीत विमा नाकारला होता, उमेदवाराने तो मंजूर केला. तिसऱ्या ध्वनिफितीत साक्षीदार आपण तिथे नव्हतो असे तीनदा सांगतो, उमेदवाराने त्याला तीनदा हजर केले. प्रत्यक्ष कामात यामुळे एखाद्याचे गंभीर नुकसान होऊ शकते.’

शेऱ्याची भाषा चांगली आहे. ‘तथापि’नंतर स्वल्पविराम हवा होता.

चांगदेव पास, एकसष्ट. गाडीत त्याने निकालाचा विषय काढला नाही. मीही नाही. सरांनी बोलावलं. जुलैपासून मी घरून. कॉम्प्युटरने केलेली भाषांतरं तपासायला, काम असेल तेव्हा. किती असेल ते सांगता येत नाही, म्हणाले. मी विचारलं, काय? त्यांनी परत सांगितलं.

घरी सांगितलं, निकाल लांबलाय.

१२ जून, गुरुवार

ऑफिसातून लवकर निघून एकटाच कल्याणला गेलो. कानाचं मशीन आठवडाभर ट्रायलला मिळालं. परीक्षेशी याचा संबंध नाही. एक शास्त्रीय प्रयोग.

१४ जून, शनिवार, सकाळी ११

मशीन लावून कालपासून हिंडतोय. केस कानावर ओढलेत. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

माझ्या चपला एवढ्या वाजतात? वर्तमानपत्राचं पान उलटताना केवढा कर्कश आवाज होतो! आबा झोपले की त्यांच्या छातीत बारीक शीळ वाजते. घाबरून शिवानीला विचारणार होतो, पण थांबलो.

आता हॉलमध्ये बसलोय. शिवानी आणि सान्वी स्वयंपाकघरात. दार उघडं आहे. दोघी साध्या आवाजात बोलतायत, माझ्यापासून दहा पावलांवर. मी घरात नसल्यासारख्या. असं त्या रोजच बोलत असणार.

सान्वी म्हणाली, “बाबांना निकालाचं कधी विचारायचं?” शिवानी म्हणाली, “विचारायचं नाही. चांगदेवभावजींनी सोमवारीच फोन करून सांगितलं ना? बाबा सांगतील तेव्हा सांगतील.” सान्वी म्हणाली, “आणि अर्जाचं?” शिवानी म्हणाली, “ते मला मेमध्येच कळलेलं. पाठवलेल्या मेलमध्ये नव्हता.” मग नळ सुरू झाला, बंद झाला. सान्वी म्हणाली, “मग तू भांडली का नाहीस?” शिवानीने एक भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाली, “अगं, एवढ्या मोठ्याने कसं भांडू? शेजारी ऐकतील.”

सान्वी हसली. शिवानीही हसली. मग एकीचं हसणं थांबलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला. कुणाचं ते ओळखता आलं.

मग शिवानीने तिथूनच, आवाज न चढवता, विचारलं, “आबा चहा घेतील ना?” सान्वीला विचारलेलं.

मी इथूनच म्हटलं, “आबा झोपलेत. मला अर्धा कप.”

आत सगळं एकदम थांबलं. भांडं नाही, नळ नाही, काही नाही. अजून तसंच आहे. मी लिहितोय, त्याचा आवाज येतोय.