तिने दिलेली रॅम

२ जून, संध्याकाळ

कॉम्प्युटर अपग्रेड झाला. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम. कॅबिनेट जुनंच, कारण बाबांच्या मते डबा बदलून आतला माल सुधारत नसतो. हे वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. वर अट घातली: यावर एक तरी काम पूर्ण करून दाखव, नाहीतर जुलैत मुकाट्याने कॉलेजात परत. मी ताडकन हो म्हटलं. काम हातात आहेच. तिची फिल्म.

ती समोरच्या बिल्डिंगमधली. कॉलेजात माझ्या वर्गात होती. म्हणजे ती अजून आहे, मी नाही. मी कॉलेज सोडलं, कॉलेजने मला नव्हे. तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात, त्यांच्यावर तिने फिल्म शूट केली आहे. वीस तारखेला ती एका फिल्म कोर्सच्या प्रवेशासाठी पाठवायची. एडिटिंग कोणाकडे दिलं? माझ्याकडे. वर्गात लॅपटॉपवाला चष्मिश असताना माझ्याकडे! यात काय ते आलं.

शिवाय तिने आपल्या कॉम्प्युटरमधली रॅमची एक पट्टी आणून दिली. म्हणाली, आमच्याकडे ही नीट चालत नव्हती, तुझ्याकडे चालली तर बघ, नाहीतर दे टाकून. तिच्याकडे चालत नाही आणि माझ्याकडे चालेल! अर्थ ज्याला कळायचा त्याला कळतो. बोलताना खाली बघत होती. (चपलेचा बंद लावत होती, पण माणसाला निमित्त लागतंच.)

नवी पट्टी बसवली, शेजारी तिची. टक्कन बसली.

४ जून

हँग झाला. माउस हलेना, कीबोर्ड ढिम्म, आतला पंखा मात्र गरगर. नवं मशीन आहे, बुजलं असेल.

४ जून, जरा वेळाने

पुन्हा हँग. दोन्ही वेळा आजोबांच्या चेहऱ्यावर. एका डोळ्याला भिंग, तोंड अर्धवट उघडं, नजर थेट माझ्यावर. फिल्ममध्ये तिचाही चेहरा दोनदा येतो. तिथे अडकायला काय झालं होतं?

७ जून, सकाळी

संकल्प. दोष सापडेपर्यंत या खोलीतून बाहेर पडणार नाही. खोलीला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडते. येणाजाणारा प्रत्येक जण आत डोकावून विचारतो, झाला का रे चालू? आईला संकल्प सांगितला. म्हणाली, खुशाल बस, पण पाणी आणून द्यायला मला हाका मारायच्या नाहीत.

७ जून, दुपारी

जेवायला बाहेर गेलो होतो. ते धरत नाही.

८ जून

सापडलं! आईचं वॉशिंग मशीन. ते घुरघुरलं की वीज खाली-वर होते आणि माझा कॉम्प्युटर गारठतो. आईला स्पष्ट शब्दांत सुनावलं. ती म्हणाली, बरं बाबा, बंद ठेवते, कपडे तू धू. घरातल्या सगळ्यांचे धुतले. पिळून, झटकून, वाळत घालून आलो.

स्क्रीनवर आजोबा भिंग लावून बघत होते.

१० जून

ताई आणि भावोजी आले. भावोजी ऑफिसात कॉम्प्युटरशेजारी बसतात म्हणून घरात त्यांना तज्ज्ञ मानतात. म्हणाले, एका वेळी एकच पट्टी ठेवून बघ, आधी ती जुनी काढ. म्हणता म्हणता कॅबिनेटात हात घातला. मी मनगट धरलं. जरा जोरात धरलं गेलं. ताई ओरडली, अरे, यांच्या अंगावर हात टाकतोस? मी म्हटलं, अंगावर नाही, मनगटावर. आई म्हणाली, कॉलेज सुटलं ते याच मनगटापायी. विषय कुठला आणि ही बाई नेते कुठे!

विंडोज पुसून नव्याने टाकली. एसएमपीएस बदलला, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. आता निर्धास्त.

११ जून

हँग.

१३ जून

कॅबिनेट खांद्यावर टाकून दुकानात नेलं. तिथे अख्खा दिवस सुरळीत चालला. हरामखोर. दुकानवाला म्हणाला, मशीन थंड आहे, घरी कोणी तापतं का? दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. मग झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, ही जुनी रॅम काढा, या दोघींचं जमत नाही. मी म्हटलं, कोणाचं कोणाशी जमतं हे दुकानवाले ठरवत नाहीत. आवाज चढला असावा, कारण त्याने कॅबिनेट बाहेर पायरीवर आणून ठेवलं.

परत येताना बिल्डिंगखाली तिचे आजोबा भेटले. खरेखुरे. भिंग नव्हतं तरी तसेच बघत होते.

१५ जून

ती आली! पलंगाच्या कडेला बसली. किती झालं, विचारलं. मी म्हटलं, जवळजवळ निम्मं. दाखव म्हणाली. दाखवायला लागलो आणि हँग. आम्ही दोघं शेजारी बसून आजोबांकडे बघत राहिलो. इतका वेळ आम्ही एकत्र कधीच बसलो नव्हतो. हँग होणं सर्वस्वी वाईट असतं असं नाही.

जाताना म्हणाली, वीसपर्यंत होईल ना? हे हुकलं तर माझं वर्ष जाईल. जमत नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. मी म्हटलं, माझ्यावर सोड. माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. भारावली असणार.

१७ जून

मनात पाप आलं. तिची पट्टी काढून बघितली. हातात धरली, शर्टाच्या टोकाने पुसली, परत बसवली. निष्कर्ष: दोष पट्टीत नाही. (मधे चालू करून बघितलं नाही. विश्वास नावाची काही चीज असते.)

१८ जून

कालचं सगळं काम सेव्ह व्हायच्या आत गेलं. माउस भिंतीवर आपटला. आता माउसही नाही. जिन्यातून कोणीतरी विचारलं, झाला का रे चालू?

१९ जून

ती तिच्या शूटिंगची हार्ड डिस्क न्यायला आली. चष्मिश खाली स्कूटरवर बसून होता. तो एका बैठकीत करून देतो म्हणालाय, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब, फक्त उद्यापर्यंत. ती म्हणाली, उद्याच तर वीस आहे.

वायर काढायला वाकली आणि उघड्या कॅबिनेटात तिला पट्टी दिसली. म्हणाली, अरे, ही ती आमची खराब रॅम ना? हिच्यामुळेच आमचा हँग व्हायचा! तुला सांगितलं होतं ना रे, नाही चालली तर टाकून दे म्हणून? इतके दिवस तू हीच लावून बसलास?

मी म्हटलं, हो.

डिस्क पिशवीत टाकून ती खाली गेली. स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. एका किकमध्ये.

२१ जून

फिल्म वेळेत गेली. आभारात माझं नाव आहे, आजोबांच्या गिऱ्हाइकांच्या खाली. पट्टी काढली. कॉम्प्युटर सकाळपासून अखंड चालू आहे. करायला काम नाही.

३० जून, सकाळी

आज बाबा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरून घेणार आहेत. ते अंघोळीला गेल्यावर तिची पट्टी परत बसवली. आता बघूच कसा जातो फॉर्म. जिने मला इतकं छळलं ती एकदा तरी कामी येईलच.

३० जून, दुपारी

बाबा नवा माउस घेऊन शेजारी बसले. नाव भरलं. चालू. पत्ता भरला. चालू. फोटो चढवला, एका झटक्यात चढला. मी आतल्या आत पट्टीच्या विनवण्या करत होतो. शेवटचं बटण बाबांनी स्वतः दाबलं. ‘आपला प्रवेश अर्ज मिळाला आहे.’ बाबा उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, झकास चालतो की रे, उगाच नावं ठेवत होतास.

ते गेल्यावर पान बंद करायला गेलो.

माउस हलेना. कीबोर्ड ढिम्म. पंखा गरगर. अजून तेच वाक्य समोर आहे.