घंटेच्या जागी खळगा

दि. ९ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर कशी आहे? शेक घेते ना? मी बरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

आमचं उत्खननाचं काम जोरात चाललंय. तुझ्या जाळ्यात फळी अडकली काय, आणि आता अख्ख्या जुन्या जहाजाची कूस दिसायला लागली. ओहोटीला जेमतेम दोन पुरुष पाणी. मी खाली बसून एकेक फळी मोजते, पाटीवर काढते. आमचे साहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "हिच्या भावाने जागा दाखवली नसती तर आपण अजून चाचपडत असतो." पूर्वी हे ऐकून ऊर भरून यायचा.

जहाजाच्या घंटेचं तुझ्या कानावर आलंच असेल. सोमवारी नांगराशेजारी गाळात अर्धी रुतलेली होती, काशाची, माझ्या कवेत मावेल एवढी. मग हवेचं यंत्र बिघडलं, दोन दिवस कुणी उतरलं नाही. गुरुवारी गेलो तर तिच्या जागी खळगा. साहेबांनी सगळ्या होडीवाल्यांना विचारलं. तू म्हणालास, "माझी होडी किनाऱ्यावर उलटी घालून ठेवली होती."

रविवारी मी घरी आले तेव्हा वहिनी सहज बोलून गेली, "हे मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस नखशिखांत भिजून आले होते." तू लगेच तिला चहा टाकायला पिटाळलंस. मी परसात जायला निघाले तर आडवा आलास. "नको जाऊस, कुत्री व्यायलीय, अंगावर येते."

दादा, तुमच्याकडे कुत्री कधीपासून?

इकडे संशय बोक्यावर गेला. बोका म्हणजे आमचा मिशाळ पाणबुड्या, माझ्याबरोबर रोज खाली असतो. मागे एकदा त्याच्या खिशात जहाजातल्या खापराचा तुकडा सापडला होता, तेवढं पुरलं. साहेबांनी त्याला काढून टाकलं. धक्क्यावर पिशवी घेऊन उभा होता. मला म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा ना. मी घंटेला हात लावला का?"

मी दप्तराचा पट्टा आवळत राहिले.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. गुरुवारी त्या खळग्याजवळ, नांगराच्या आकड्याला, मला दोरीचा तुकडा बांधलेला सापडला. वरून कापलेला, कुणी होडी बांधून ठेवली असावी तसा. गाठ उलटी. बाबा डावखुरे होते, म्हणून त्यांची गाठ जगाच्या उलट पडायची, आणि त्यांच्याकडून शिकलो म्हणून आपली दोघांचीही. मी ती सोडवली, बाहीत कोंबली आणि पाटीवर तेवढी जागा कोरी ठेवली. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा खोटं रेखाटन दिलं.

नंतर मनाची समजूत घालत बसले, की शिकलं असेल आणखी कुणी. पण कोण? बाबा तर परक्याला दोरीला हात लावू देत नसत. ही गाठ दोघांनाच येते, आणि मी बांधली नव्हती.

आज सकाळी दोरी साहेबांच्या टेबलावर ठेवली. गाठ बांधून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "तुला येते. आणखी कुणाला?"

मी तुझं नाव सांगितलं.

बोक्याला परत बोलावणं गेलंय. मला कामावरून काढलं, ते रास्तच आहे. मी फक्त एक संध्याकाळ मागून घेतली, तू स्वतः येशील म्हणून. साहेब म्हणाले, "तुझा विश्वास असेल, माझा नाही." माझाही आहे की नाही, मला ठाऊक नाही. उद्या सकाळी ते पोलीस घेऊन येतील.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, दिवेलागणीला तुझ्या हातात पडेल. घंटा अजून विकली नसशील तर कोरडी ठेवू नकोस. गोड्या पाण्याच्या पिंपात बुडव. इतकी वर्षं समुद्रात राहिलेल्या काशाला वारा लागला की आतून कीड लागते.

वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं, असं मी सांगून ठेवलंय. निदान तेवढं तरी खरं असू दे.

तुझं नाव सांगणारी,
छोटी