‘थांब’ सोडून सगळं

आप्पा, आमच्या घरी कुत्रं आहे. तुम्ही असतात तर नांदेडला माझ्याकडे येऊन पाणीसुद्धा प्यायला नसतात. पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे तो प्रश्न मिटला. लेकीनं हे पिल्लू उचलून आणलं तेव्हा मी नको म्हणाले होते. तिनं ऐकलं नाही. मी तुमचं ऐकायची तसं ती माझं ऐकत नाही, आणि हे मला बरंच वाटतं.

त्याला शिकवायला वेगळा वेळ मी कुठून काढणार? सकाळी लेकीचा डबा, मग तिची शाळा, साडेदहाला कॉलेजच्या ऑफिसात माझी खुर्ची. म्हणून बाहेर पडायचं ते त्याला घेऊनच आणि शिकवायचं तेही वाटेतच. शाळेच्या ऑटोची वाट बघताना ‘बस’. दूध घेताना ‘सोड’, कारण पिशवी दिसली की त्याचे दात शिवशिवतात. भाजीबाजारात ‘जवळ चल’. माझ्या पर्समध्ये बक्षिसाचे फुटाणे असतात. ऑफिसात पेन काढायला हात घातला की फुटाणाच हाताला लागतो आणि शेजारच्या टेबलावरची बाई हसते. सहा महिन्यांत बरंच शिकलं ते. फक्त ‘थांब’ मी शिकवलं नाही. घर रस्त्यावर, दिवसभर ऑटो आणि सिटी बस. हाच शब्द सगळ्यात आधी शिकवायला हवा होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. लेक विचारायची आणि मी म्हणायची, पुढच्या महिन्यात बघू.

शिरूर अनंतपाळला मी आठवीत होते तेव्हाही असंच चालायचं. दळण आण, दुकानात डबा पोचव, ही कामं तुम्हीच सांगायचात. त्या फेऱ्यांमध्येच मी आपल्या बांड्या कुत्र्याला शिकवलं. गिरणीबाहेर ‘थांब’ म्हणायचं आणि आत जायचं. पीठ घेऊन बाहेर आले की ते तिथंच, माझ्याकडे डोळे लावून. मग एका सोमवारी तुम्ही अंघोळ करून लिंगपूजेला बसलेले असताना ते आत शिरलं आणि तुमच्या मांडीला त्यानं नाक लावलं. तुम्ही ओरडला नाहीत. उठलात, पुन्हा अंघोळ केलीत, पुन्हा पूजेला बसलात. मला वाटलं, निभावलं.

गुरुवारी शाळेतून आले तर ते नव्हतं. ‘शेतावर सोडलंय,’ म्हणालात. आठवड्यानं मी डबा घेऊन दुकानात येते, आणि तुम्ही एका गिऱ्हाइकाला सांगताय, ‘माल आणाय लातूरला गेलतो, तिथं आडत बाजारात कुत्र्याला उतरवलं. थांब म्हणलं की बसलं गुमान. टेम्पो निघाला तरी जागचं हाललं न्हाई. काल गेलो तवाबी तिथंच व्हतं. पोरीनं लई झकास शिकवलंय.’ गिऱ्हाईक हसलं. तेवढ्यात मी दिसले तुम्हाला. म्हणालात, ‘डबा ठिव माय, अन् घरी जा.’ माझं कौतुक तुम्ही उभ्या जन्मात तेवढं एकदाच केलंत, आप्पा.

नुसतं सोडून आला असतात तर मी कधीतरी विसरलेही असते. पण तुम्ही माझा शब्द वापरलात. आणि पुन्हा गेलात तेव्हा ते तिथंच बसलेलं बघितलंत, तरी आणलं नाहीत. त्याचा मला राग आहे. तुमच्या फोटोला हार घालताना सुद्धा तो असतो.

गेल्या रविवारी बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि पट्टा निसटला. पलीकडे दुसरं कुत्रं दिसलं म्हणून हे सुसाट निघालं. समोरून सिटी बस येत होती. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मागून लेक ओरडली, ‘थांब!’ आणि ते रस्त्याच्या कडेला मटकन बसलं. बस निघून गेली. ‘हे कुणी शिकवलं त्याला?’ मी विचारलं.

‘मीच. तू मेडिकलमध्ये जातीस तवा आम्ही भाईर असतो ना, तवा. थांब म्हणायचं, लांब जायचं अन् परत यायचं. दरवेळी परत यावंच लागतंय आई. न्हाई तर ते फसवणं झालं.’ नऊ वर्षांची आहे ती.

हा कागद तुम्हाला पाठवायचा तरी कुठं? कुत्र्याच्या लशीच्या कार्डात घडी घालून ठेवते. आमच्या आप्पांनी कुत्रं सोडून दिलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पुढचं सांगितलं नाही. त्या दिवशी दुकानातून निघून मी घरी गेले नव्हते. स्टँडवर गेले होते. लातूरची बस लागली होती. कंडक्टर तुमच्या ओळखीचा, तिकीटसुद्धा मागितलं नसतं. त्यानं दारातून विचारलं, ‘येती का गं माय, लातूरला?’

मी ‘न्हाई’ म्हणाले आणि घरी आले.