साधा श्वास, आक्कानं सांगितलेला

तीर्थस्वरूप आत्या यांना,

नमस्कार तुमच्या पायांपाशी ठेवते, पण खुशाली विचारण्याआधी एक चूक दुरुस्त करू द्या. (लिहिलेल्यात चूक सापडली की आधी ती निस्तरायची, मग पुढे जायचं, हे शाळेत नाव घालायच्या आधीच मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून शिकले.) मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांच्या फुफ्फुसातली गाठ फिरते. तुम्ही फोनवर ‘मग आता ती कुठवर पोचली?’ असं विचारलंत, तेव्हा मी काय करून ठेवलंय ते लक्षात आलं. गाठ आहे तिथेच आहे. बाबांनी श्वास घेतला की ती जराशी खाली सरकते आणि सोडला की वर येते, बोटाच्या पेराएवढी, बस. धाकट्या काकांना तुम्ही जे कळवलंत (आणि त्यांनी पुढे ज्यांना ज्यांना कळवलं) तेही दुरुस्त व्हावं ही विनंती.

आता तुमचे गुडघे कसे आहेत ते सांगा. रोज सकाळी फोन होतो, पण तुम्ही बहुतेक बाबांशीच बोलता आणि आपल्या तब्येतीचं काही कळू देत नाही.

हॉस्पिटलातल्या त्या मशीनबद्दल मात्र नीट लिहायला हवं, कारण मी तिच्या प्रेमात पडले आहे. तिचं काम त्या हलणाऱ्या गाठीवर किरण सोडण्याचं. शेजारी हृदय आहे, चांगलं फुफ्फुस आहे, त्यांना धक्का लागू द्यायचा नाही. म्हणून बाबांच्या पोटावर एक छोटी डबी ठेवतात. ती पोटाबरोबर खालीवर होते, छतावरचा कॅमेरा तिच्याकडे बघत राहतो आणि बाहेरच्या पडद्यावर श्वासाची रेघ उमटते, लहान लहान टेकड्यांसारखी. गाठ नेमक्या टप्प्यात आली की किरण सुरू, टप्प्याबाहेर गेली की बंद. खोलीभर पसरलेलं ते अवजड यंत्र एका माणसाच्या श्वासासाठी थांबतं, आणि कितीही वेळ थांबायला लागलं तरी कुरकुरत नाही. आपल्या घरात असं कोणी नाही. (मी माझ्याबद्दल बोलते आहे.)

ते चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईही तशाच. बाबांना विचारून त्यांनी मला एकदा पडद्यापाशी उभं राहू दिलं. आत बाबा एकटे, हात डोक्यावर घेऊन निजलेले. जन्मभर गाडी शिकवताना लोकांना ‘खांदे सैल सोडा’ सांगणारा माणूस, पण त्यांचे स्वतःचे खांदे कानांना लागलेले. पडद्यावर दोन-तीन टेकड्या आल्या आणि मग एकदम पहाड. किरण बंद. पुन्हा टेकड्या, पुन्हा पहाड. शेवटी बाई माइकवरून म्हणाल्या, “काका, साधा श्वास घ्या.”

“हा साधाच आहे,” आतून बाबा म्हणाले. “आक्कानं सांगितलेला.”

बाईंनी माइक बंद करून मला हळूच विचारलं, “आक्का म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नव्या डॉक्टर का?”

आत्या, मी नाही म्हणाले, पण पुढे काही सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही सकाळी सातला फोन करता, ‘पोटातून घे, चार मोज, छाती पुढे काढ, माझा भाऊ आहेस’ असं सांगता. बाबा ते ऐकतात, अगदी उभं राहून, आणि आत जाऊन मधूनमधून एक श्वास तुमच्या नावाचा घेतात. म्हटलं, घरी आपणच सराव करून घ्यावा. मी सोफ्यावर आडवी झाले, पोटावर काड्यापेटी ठेवली आणि साधा श्वास कसा असतो ते बाबांना दाखवायला लागले. आत्या, लक्ष दिलं की तो साधा राहतच नाही. थोड्या वेळाने मलाच गरगरायला लागलं आणि बाबा पंख्याचा वेग वाढवून पाणी आणायला धावले. तेवढ्या धावपळीत त्यांचा श्वास अगदी छान चालला होता, पण तो बघायला तिथे मशीन नव्हती.

तुम्हाला कळवण्यासारखं याहून जास्त काही नाही. बाबा जेवतात. सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. तुम्ही विणलेला स्वेटर बरोबर बसला. त्या खोलीत फार गार असतं, बाबा तो काढायला तयारच नसतात.

ता. क. दुसरा. वर ‘याहून जास्त काही नाही’ लिहिलं, ते खरं नाही. परवा त्या पहाडांमुळे दहा-पंधरा मिनिटांचं काम तासभर चाललं. बाबांचे खांदे आखडले, आणि गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “उरलेलं राहू दे आता. मला ते जमत नाही.” निम्मा उपचार व्हायचा आहे, आत्या. त्याआधीच्या दिवशी तुमचा फोन बिघडला होता, आठवतं? त्या दिवशी सगळ्या टेकड्या एकसारख्या होत्या आणि बाबा चहा गार व्हायच्या आत बाहेर आले. पण संध्याकाळपर्यंत तीनदा विचारून झालं, “आक्का बरी असेल ना?” त्यांना तुमचा आवाज हवाच आहे. तो रात्री जेवणानंतर हवा आहे, आणि त्यात श्वासाचा विषय नको. मी बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. ते म्हणाले, तू सांग. शेवटी मीच लिहायला बसले.

ता. क. तिसरा. आत्या, तुम्ही रागावाल, आणि पत्र मिळालंच नाही असंही कदाचित म्हणाल. म्हणून आधीच सांगून ठेवते. पुढची खेप मंगळवारी आहे. त्या दिवशी सातच्या आत मी बाबांचा फोन बंद करून माझ्या पर्समध्ये टाकणार आहे. तुमचा फोन माझ्या नंबरवर आला तरी उचलणार नाही. फक्त मंगळवारी.