सात दिवसांची नोटीस

९ एप्रिल २०१२, सोमवार
संताप. दूध आणायला गेलो तर ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद. विशेष ग्रामसभा, गुरुवारी. विषय: गावाचा कचरा डेपो आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत हलवणे. म्हणजे थेट माझ्या बाल्कनीखाली! आणि नोटीस तीन दिवसांची. नियम सात दिवसांचा. दादर सोडून पनवेलजवळ राहायला आलो तेव्हाच वाटलं होतं, इथे मला बरंच सुधारावं लागणार.

१० एप्रिल
ग्रामसेवकांना गाठलं. म्हणाले, "साहेब, सभेला या, हात वर करा, विषय संपला." यांना लोकशाही म्हणजे हात वर करणं वाटतं! मी प्रोसिजरबद्दल बोलत होतो. आमची सौ. वसुंधरा आणि खालच्या मजल्यावरच्या साबिराभाभी घरोघर फिरून लोकांना सभेला बोलावतायत. भाबड्या. बेकायदेशीर सभेला जाणं म्हणजे तिला मान्यता देणं. मी जाणार नाही.

१२ एप्रिल, संध्याकाळ
सभा चालू असताना मी पनवेलला पंचायत समितीत तक्रार देत होतो. आधी साहेब जेवायला, मग शिक्का सापडेना. शेवटी मिळाला. परतलो तर सोसायटीत जल्लोष. ठराव फेटाळला म्हणे. भाभींनी अख्खी बिल्डिंग नेली होती, वसुंधरा माइकवर बोलली. (वसुंधरा? माइकवर?) भाभींचे मिस्टर हाफिजभाई सरबत वाटत होते. "चारुदत्तभाई, होता कुठे तुम्ही? मैदान मारलं आपण!" मी अर्जाच्या प्रतीवरचा शिक्का दाखवला. त्यांनी ग्लास पुढे केला.

१३ एप्रिल
वसुंधरा म्हणते, अहो, जिंकलो ना, आता तो अर्ज मागे घ्या. म्हटलं, प्रश्न जिंकण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाली, "तत्त्वाला वास येत नाही. कचऱ्याला येतो."
बोलणं बंद.

२७ एप्रिल
विजय!! वरून आदेश आला: नोटीस अपुरी, सभा रद्द, तिचा निर्णय रद्द, सभा पुन्हा घ्या. पेढे आणले. कुणी हात लावेना. हाफिजभाईंनी एक घेतला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

८ मे
आदर्श नोटीस! फलकावर, देवळाशी, मशिदीपाशी. रिक्षावर भोंगा. शिपाई विठू पार पलीकडच्या वाडीत दवंडी देऊन आला. तिकडे आजवर कधी दिलीच नव्हती म्हणे. हे सगळं माझ्यामुळे. सोसायटीला त्याची काडीची किंमत नाही. अर्धे लोक सुट्टीत गावाला गेलेत. असो. नियम पाळला की निकाल बरोबरच लागतो.

१५ मे
पहिल्या रांगेत बसलो. मागे वळून पाहिलं तर हॉल गच्च. सगळी वाडी. बायकांच्या कडेवर पोरं. आमचे मोजकेच. मी नोटिशीचं महत्त्व सांगायला उठलो, सरपंचबाई म्हणाल्या, विषयावर या. मग वाडीतला काशिराम बोलला. आत्ताचा डेपो त्यांच्या शाळेच्या भिंतीला लागून आहे. पोरं नाकाला फडकी बांधून पाढे म्हणतात. सतत कुणी ना कुणी तापाने पडलेलं. वसुंधरा बोलणार होती. उठली, पुन्हा बसली.
हात वर झाले. ठराव मंजूर.
बाहेर काशिरामने माझे दोन्ही हात धरले. "साहेब, मागच्या टायमाला आमाला कललाच नाय, सभा हाय ती. तुमच्या अर्जानं कललं. लय उपकार झाले." वसुंधरा शेजारीच उभी होती. रिक्षात ती पुढे, ड्रायव्हरजवळ बसली.

४ जून
सकाळी पहिला ट्रॅक्टर रिकामा झाला. बाल्कनीचं दार बंद. पंखा लावला की वास नुसता फिरतो. कडक तक्रार करायची म्हणून कागद घेतला. सभा कायदेशीर, नोटीस पूर्ण, ठराव रीतसर. कुणाविरुद्ध लिहायचं?
दुपारी वाडीतून माझ्या नावाने पाटीभर आंबे आले. वसुंधराने पाटी उचलून तशीच साबिराभाभींकडे नेली. मी त्याआधी एक काढून ठेवला होता. खिडक्या लावून घेतल्या आणि खाल्ला.
गोड होता.