हळदीच्या दिवशी कुलपात राहिलेले धोतर

प्रति,
मेहेरबान दिवाणसाहेब,
खारवली संस्थान.

विषय : सरकारी खोलीतील धोतर लग्नापूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ : श्रीमंत सरकारांचा विजारसक्तीचा हुकूम, तसेच त्याच सरकारांचा विजारबंदीचा हुकूम.

महोदय,

१. अर्जदार अंबाजी हिरामण कडू, धंदा मिठागर, मौजे खारढोण. श्रीमंत विलायतेहून परतले आणि राज्य सुधारायचे ठरले. सुरुवात रयतेच्या पायांपासून झाली. बाजारात येणाऱ्या पुरुषाने नाक्यावर धोतर ठेवून सरकारी विजार चढवावी, जाताना बदलून घ्यावी, असा हुकूम निघाला. राजा बोले, दळ हाले. लेक राहीच्या हिरव्या चुड्यासाठी अर्जदाराने मुकाट्याने विजार चढविली.

२. चुडा निवडीत असता धर्मरक्षणाचा मोर्चा आला व नाक्यावर विजारींची होळी पेटली. श्रीमंतांनी घाबरून हुकूम फिरविला : रस्त्यात विजार दिसल्यास अटक. नाकेदार धोतरांच्या खोलीला कुलूप घालून चावीसकट पसार झाले. नाका बंद असल्याने गावाहून कोणास आत येता येत नाही, आणि कापडाची दुकाने बंद असल्याने नवे धोतरही मिळत नाही.

३. तेव्हापासून अर्जदार केसर कासारणीच्या दुकानात पेटाऱ्याआड बसून आहे. विजारीत बाहेर पडावे तर अटक, काढून पडावे तर बेअब्रू. इकडे आड, तिकडे विहीर. केसर बिचारी विधवा, घरात पुरुषाचे वस्त्र नाही. स्वतःचे लुगडे देऊ करते, पण व्याह्यांपुढे लुगड्यात कसे उभे राहावे? त्यात सुधारक मंडळींनी येऊन ‘विजार न सोडणारा वीर’ म्हणून हार घातला. झाले! आता शेजारीपाजारी धोतर उसने द्यायलाही तयार नाहीत. अर्जदार कोणत्याही पक्षाचा नाही. त्याला घरी जायचे आहे.

४. घरी राहीला हळद लागली असेल. आमच्यात लग्न धवलारीण गाऊन लावते, आणि जनी धवलारणीने आधीच बजावले आहे, “बाप मांडवात न्हाय, त मी तोंड उघडनार न्हाय.” वऱ्हाड पालीहून निघाले असेल. पोर हळदीच्या अंगाने वाटेकडे डोळे लावून बसली असेल, या विचाराने अर्जदाराचा जीव तुटतो.

सबब कुलूप फोडून धोतर द्यावे. काठ लाल असून मागे विडीने जळालेले भोक आहे. राज्य पुढे न्यावे की मागे, ते थोरांनी ठरवावे. फक्त पुढील हुकूम अर्जदार घरी पोहोचल्यावर काढावा.

मांडवात उभे राहण्यास आतुर, आपला नम्र,
अंबाजी हिरामण कडू (अंगठा)
वैशाख वद्य पंचमी, शके १८५१

सोबत :
१. हार, सुकलेला.
२. सरकारी विजार, नग एक. अर्जदाराच्या अंगावर असल्याने जोडता आली नाही. धोतर मिळताच सादर करण्यात येईल.