टँकरच्या रांगेतला इंग्रजी उतारा

अहो,

शिवगंगाला इंग्रजीच्या परीक्षेसाठी हैदराबादला घेऊन चालले आहे. परवा येऊ. भाकरी टोपल्यात आहेत. उद्या टँकर आला की शेजारच्या साखराबाई आपल्याही घागरी भरून ठेवतील.

तुमच्यासारखीच मीही नको म्हणत होते. नर्सची नोकरी इथं अहमदपुरात आहे की, परदेश कशाला? पण काल टँकरच्या रांगेत ती दगडावर बसून सराव करत होती. वीस मिनिटांत उतारा वाचून तेरा प्रश्न सोडवायचे असतात. रांग सरकली तरी पोरगी मान वर करीना. साखराबाईंनीच तिच्या घागरी पुढं नेल्या. "वाचून राहिली ती, गप बसा," म्हणाल्या. एरवी भांडणारी रांग, पण वीस मिनिटं कुणी शब्द काढला नाही.

मग एकीनं विचारलं, "काय हाय गं त्यात?" ती म्हणाली, एक पक्षी आठ-नऊ दिवस न थांबता समुद्रावरून उडतो. खाली सगळं पाणीच, पण घोटभर पिता येत नाही.

साखराबाई म्हणाल्या, "आन् हे तुला त्या कागदातनं कळलं?"

आपली पोर एवढ्या लांबचं बघते, हे मला ठाऊकच नव्हतं.

सकाळी ती पाया पडायला दुकानापर्यंत आली होती. तुम्ही गिऱ्हाइकात होता, तशीच परत आली. परीक्षा उद्या नऊला आहे. त्याआधी तिला फोन करा. बोलायला सुचलं नाही, तर नुसती नावानं हाक मारा.

शिवकांता